पानाजवळ ठेवलेलं पत्रक

मुळगाव, डिचोली
१४ जून २०१३

चि. जयराम यास,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहून मी खोडलं आहे. तुला दिसेल असंच खोडलं आहे. चौतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, नीट खोडता येत नाही असा भाग नव्हे.

तुझं पाकीट आलं तेव्हा अक्षर ओळखून मी पोस्टमनला म्हटलं, हे आमचं नव्हे. तो म्हणाला, "बाय, नाव तुमचां, घर तुमचां, आता पत्र कोणाचां?" दोन दिवस ते फ्रीजवर पडून होतं. तिसऱ्या दिवशी उघडलं. मेलं कुतूहल.

तर ऑक्टोबरात तुमच्या बेळगावच्या मंडळीची सभा आहे, आणि 'आजच्या काळात आपल्या माणसांना प्रभूची ओळख कशी करून द्यावी' ह्यावर तरुण मुलांपुढे बोलायला तुमच्या पाळकांनी तुला उभं केलं आहे. तू लिहितोस, "बोलण्याआधी जिच्यापाशी मी सगळ्यात जास्त नापास झालो तिला विचारणं भाग आहे. बाय, माझं कुठे चुकलं ते सांग." अकरा वर्षांनी विचारतोस! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. फोन का केला नाहीस असं आधी वाटलं, मग बरंच वाटलं. फोनवर तू सुरू झालास की समोरच्याला जागा उरत नाही. पत्राला निदान मधे थांबून पाणी पिता येतं.

सांगते. कृष्णनाथच्या बाबांचं बारावं होतं. दोन पंगती मांडल्या होत्या. मी खोलीच्या दारात बसून बघत होते, मला बाहेर यायचं नव्हतं. तू वाढायला उभा राहिलास म्हणून मला बरं वाटलं. म्हटलं, नवीन धर्म घेतला तरी मेव्हण्याच्या पंगतीत वाढतोय, रक्त कुठे जातं? आणि मग पाहिलं तर पानाच्या डाव्या अंगाला मीठ वाढतात तिथे तू प्रत्येकाच्या पानाजवळ एकेक छापील पत्रक ठेवत चालला होतास. वर मोठ्या अक्षरांत, 'मेल्यानंतर तू कुठे जाशील?'

बाराव्याच्या पंगतीत, जयराम!

आधी भटजी उठले. मग सासूबाई. मग दोन्ही पंगती भरली पानं टाकून उठल्या. अन्न तसंच. त्या माणसाच्या नावाचा घास कोणी तोंडात घातला नाही. मी तुला म्हटलं, माझा उंबरठा पुन्हा ओलांडू नको, आणि तू ओलांडला नाहीस. एवढंच एक माझं ऐकलंस. पण पितृपक्ष आला की दरवर्षी मला तीच पानं दिसतात आणि वाटतं, हा माणूस आमच्या घरातून उपाशी गेला. आता कळलं कुठे चुकलं ते?

आणि ओळख करून द्यायचीच म्हणशील तर आमचा इनास पोदेर बघ. तीस वर्षं सायकलवरून पाव घेऊन येतो, भोंपू वाजवतो. चर्चला जातो, गळ्यात खुरीस आहे. देवाबद्दल एक शब्द बोलला नाही. पण कृष्णनाथच्या बाबांच्या छातीत कळ आली त्या सकाळी त्याने पावाची टोपली रस्त्यावर टाकून दिली, शेजाऱ्याची गाडी उठवली, आणि इस्पितळापर्यंत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला. मागे कावळ्यांनी पाव खाल्ले. त्याच्या देवाबद्दल मला काही माहीत नाही. पण तो वाईट असेल असं मला वाटत नाही.

झालं. तुझ्या भाषणाला एवढं पुरे.

इकडे सगळं ठीक आहे. कृष्णनाथ बरा आहे. खाणी बंद झाल्यापासून टिपर अंगणात उभा आहे, म्हणून तोही घरीच असतो. जेवणावर वासना नसते एवढंच.

एक सहज विचारते. तू पूर्वी इतकी पीत होतास, ती सोडलीस कशी? हात कापायचे थांबायला किती दिवस लागले? सहज.

कमलाक्षी

३ जुलै २०१३

चि. जयराम,

तू एकच ओळ खरी लिहिलीस, "बाय, कोण पितो? कृष्णनाथ?" बाकीचं पत्र त्या ओळीनंतर मला दिसलंच नाही. ते नंतर वाचलं.

हो. कृष्णनाथ. दहा महिने झाले. टिपर घेतला तेव्हा दिवसाला चार फेऱ्या मारायचा, घरी आला की अंगणभर लाल पाणी करून आंघोळ करायचा. आता टिपरखाली गवत वाढलंय आणि हा दुपारपासून बारमध्ये. सत्तावीस वर्षांचं पोर. मी मास्तरीण, गावातल्या अर्ध्या लोकांना छडी दिली आहे, आणि स्वतःच्या मुलाच्या खिशातली बाटली शोधून परसात ओतते. देवाला सांगून झालं, नवस बोलून झाला, त्याच्या पाया पडून झालं. आईने मुलाच्या पाया पडायचं, जयराम. हे कोणाला सांगितलेलं नाही. तुला सांगते, कारण तू दूर आहेस आणि तू स्वतः त्या चिखलातून आला आहेस. मला माझा मुलगा परत हवा. दुसरं काही नको.

मग तुझं पत्र पुन्हा वाचलं, सावकाश. उलटं करून मागेही बघितलं, वचन कुठे लपवलं आहेस म्हणून. नव्हतं! तू आजारी तर नाहीस ना?

बेळगावच्या इस्पितळातलं तू लिहिलंस ते मला माहीतच नव्हतं. आम्हाला एवढंच ठाऊक की घाटात टिपर उलटला, पाय मोडला, आणि परत आलास तो ख्रिस्ती होऊन. तो योहान नावाचा म्हातारा वॉर्डात रोज तुझ्यासाठी पेज आणायचा, तुला भास व्हायचे तेव्हा तू त्याला शिव्या दिल्यास, चावलास, तरी दुसऱ्या दिवशी तो नखं कापायची कात्री घेऊन आला. सतरा दिवस तो काही बोलला नाही. अठराव्या दिवशी तूच विचारलंस, "काका, तुम्ही हे कोणासाठी करता?" आणि मग त्याने सांगितलं.

वाचून मला रडू आलं आणि त्याच्या मागोमाग रागही आला. अरे शहाण्या, तुला सतरा दिवस मिळाले! आम्हाला एक पान जेवून होईपर्यंतही दम दिला नाहीस. जे तुला मिळालं ते तसंच आमच्यापर्यंत आणायचं सोडून तू छापखान्यातला गठ्ठा आणलास. हे मात्र भाषणात जरूर सांग.

आता काम. तू ये. शनिवारी तुझी स्कूलबस बंद असते असं लिहिलंस, चोर्ल्याच्या घाटातून पहिली गाडी धर आणि साखळीला उतर. पण माझ्या अटी आहेत. पत्रकं आणायची नाहीत. तुझं पुस्तक पिशवीत राहील. कृष्णनाथला 'तू पापी आहेस' असं म्हणायचं नाही, ते त्याला मी रोज सांगते आणि त्याचा उपयोग होत नाही. आणि उंबरठा. तो शब्द मी दिलेला आहे, तो असा एका पत्रात मागे घेता येत नाही. तू अंगणात बस. टिपर अंगणातच आहे.

कमलाक्षी

२९ जुलै २०१३

चि. जयराम,

तू दोन शनिवार येऊन गेलास आणि माझ्याशी मोजून दहा वाक्यं बोललास. पूर्वी दहा वाक्यं तू श्वास न घेता बोलायचास. अंगणात जेवायला वाढलं तर मान खाली घालून, डोळे मिटून, क्षणभर थांबलास आणि जेवलास. काय पुटपुटलास ते मला ऐकू आलं नाही. ऐकू यावं म्हणून मी भात वाढायच्या निमित्ताने जवळ आले होते, हे तुला आता सांगायला हरकत नाही.

मला वाटलं होतं तू त्याला घेऊन बसशील आणि समजावशील. तू विचारलंस काय, तर "बॅटरी उतरली काय रे?" मग पावसात दोघेही टिपरखाली. उभी गाडी पंधरा दिवसांतून एकदा चालू केली नाही तर इंजिन धरतं, हे त्याला ठाऊक असून त्याने दहा महिने चावी लावली नव्हती. तू उसनी बॅटरी आणलीस, तारा लावल्यास, आणि चौथ्या खेपेला तो राक्षस खोकत खोकत चालू झाला तेव्हा शेजारच्या प्रभावतीने जनेल उघडून विचारलं, "बाय गो, खाणी सुरू झाल्यो?" मी म्हटलं, नाय गो, अजून नाय.

मग तुम्ही दोघे केबिनमध्ये काचा वर करून बसलात. दीड तास. बाहेर धो धो पाऊस, इंजिन चालू, आणि मी ओट्यावर भाजी चिरत तिकडेच बघत होते. एकच दुधी मी इतका बारीक चिरला की त्याचं सांबारही झालं नाही.

काय बोललात ते कृष्णनाथने मला रात्री जेवताना सांगितलं. म्हणाला, "आई, आजयेक न्हेतना मामा खंय होतो, ठावक आसा?" मी म्हटलं, आजीला स्मशानात नेलं तेव्हा? घाटात टिपर बंद पडला होता त्याचा. तो म्हणाला, "नाय. साखळेच्या बारात पडलो होतो. निरोप येऊन पावलो होतो त्याका. उठूक जमूक नाय."

आवय जाऊन बावीस वर्षं झाली. बावीस वर्षं मी लोकांना सांगत आले की माझा भाऊ घाटात अडकला, बिचाऱ्याला तोंडही बघायला मिळालं नाही. मी तुझ्यावर भयंकर रागवायला हवं होतं. रागवायला बसलेही होते. पण हे सांगता सांगता कृष्णनाथने दोनदा भात मागून घेतला. मार्चपासून त्याने भात मागून घेतलेला नाही. मी त्याच्या पानाकडे बघत राहिले आणि माझा राग कुठे ठेवला ते मला सापडेना.

तू त्याला उपदेश केला नाहीस. स्वतःची लाज काढून त्याच्या पुढ्यात ठेवलीस. मला वाटतं त्याला पहिल्यांदा कळलं की ह्या खड्ड्यात आपल्याआधी कोणीतरी होतं आणि ते बाहेर आलं. आज अकरावा दिवस आहे. हात कापतात, सकाळी चिडचिड करतो, मला काहीबाही बोलतो. पण अकरा दिवस.

घरात बोलावत नाही म्हणून रागावला नाहीस ना? मी हट्टी आहे. तूही आहेस. आवय म्हणायची, ह्या दोघांना एका गोणीत घातलं तर गोणी फाटेल.

कमलाक्षी

२१ ऑगस्ट २०१३

जयराम,

शनिवारचं लिहून ठेवलं नाही तर मी पुढे स्वतःशीच खोटं बोलेन, म्हणून लिहिते.

सकाळी तू यायच्या आधीच तो गेला होता. एकोणतीस दिवस राहिला आणि तिसाव्या दिवशी गेला. कोणी बोलावलं, कोणी पाजली, मला माहीत नाही आणि आता जाणून काय करू? तू येऊन टिपरपाशी वाट बघत बसलास. अकरा वाजता त्याला दोघांनी धरून आणलं आणि फाटकाशी सोडलं. तुळशीपुढे पडला. कपड्यांची जी अवस्था होती ती लिहवत नाही.

आणि तुला बघून तो हसला. म्हणाला, "मामा! पुस्तकां हाडलंस मरे? वाढ, वाढ माज्या पानाक! मेल्यार खंय वतलंय ता सांग!"

म्हणजे त्यालाही ते आठवत होतं. सोळा वर्षांचा होता तेव्हा. अकरा वर्षं माझ्यासमोर त्याने त्या पत्रकांचं नाव काढलं नव्हतं. मी दाराला धरून उभी होते. मला वाटलं, आता हा परत फिरेल, किंवा आता ह्याचं प्रवचन सुरू होईल. खरं सांगते, प्रवचन सुरू झालं असतं तर मी हातातला कोयता फेकला असता.

तू म्हणालास, "नाय रे बाबा. हात मोकळे आसत. ऊठ, पयली न्हाव या."

बाल्दी भरभरून विहिरीवर तू त्याला आंघोळ घातलीस. साबण लावून, कानामागे सुद्धा. तो शिव्या देत होता, एकदा त्याने तुझ्या छातीवर लाथ मारली. तू खाली बसलास, धाप लागली तुला, मोडलेला पाय पसरून बसलास, आणि परत उठलास. त्याचे कपडे दगडावर धुतलेस. उलटी झाली ती हाताने काढलीस. माझ्या मुलाची घाण, जयराम, मला किळस आली होती, मी आई असून जवळ येऊ शकले नाही. मग त्याला टॉवेलात गुंडाळून, खांद्यावर घेऊन, आत नेऊन त्याच्या खाटेवर निजवलंस.

उंबरठा ओलांडून. तुझ्या ध्यानातही आलं नाही. माझ्या आलं.

तू त्याच्या उशाशी बसला होतास तेव्हा मी तुला ते विचारलं. अकरा वर्षं जिभेवर होतं. "जयराम, तुझ्या मते कृष्णनाथचे बाबा कुठे आहेत?" मला वाटलं, आता कळेल हा खरा बदललाय की नुसता दमलाय.

तू त्याच्या अंगावर पांघरूण घातलंस. मग म्हणालास, "माका ठावक नाय गो बाय. देवाक ठावक. माका ठावक असल्यासारख्या वागलंय, थंयच माजा चुकला."

मी आत जाऊन तांदूळ निवडायला घेतले. निवडलेलेच होते. मला इतकं हलकं वाटलं की हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मुलगा तिकडे शुद्धीवर नाही, पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि आई इकडे हसते आहे! वेडी झाले म्हणेल कोणी. पण त्या घडीला मला कळलं की हा आता बरा होईल. ह्याला सोडून न जाणारं माणूस मिळालं आहे.

उठल्यावर त्याने तुला विचारलं, "मामा, तू वचूक नाय?" तू म्हणालास, सोमवारी पोरांना शाळेत सोडायचं आहे, तोवर इथेच. त्याने भिंतीकडे तोंड केलं. रडत होता. आज चौथा दिवस आहे.

कमलाक्षी

२ सप्टेंबर २०१३

जयराम,

तुझं पत्र मिळालं. वाचून डोकं फिरलं.

चवथीला ये म्हटलं. माटोळी बांध म्हटलं. दुसरं काय मागितलं? इब्रामपूरला आपल्या घरी गणपतीच्या डोक्यावरची ती लाकडी चौकट तू दहा वर्षांचा असल्यापासून बांधायचास. रानातलं कोणतं फळ कुठल्या ओहोळाकाठी मिळतं ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? इथे बाजारातली माटोळी आणते मी दरवर्षी, चार सुपाऱ्या आणि एक दोडका. आणि तू लिहितोस, "बाय, माटोळी बांधायला माझा हात जाणार नाही. देवापुढे खोटं वागल्यासारखं होईल. रागावू नकोस."

रागावू नकोस म्हणे! उलटी काढायला हात जातो, सुपारी बांधायला जात नाही. असला कसला तुमचा देव?

(हे सकाळी लिहिलं. आता दुपार झाली आहे.)

जेवण झालं. विचार केला. तू तोंडदेखलं येऊन, हात जोडल्याचं सोंग करून गेला असतास तर मला बरं वाटलं असतं काय? चार दिवस वाटलं असतं. मग कळलं असतं की माझा भाऊ मला खूश करायला खोटं वागतो, आणि मग केबिनमध्ये तू कृष्णनाथला जे सांगितलंस तेही खरं की खोटं असं मनात आलं असतं. नको. तू आहेस तसाच बरा. कठीण आहे, पण बरा.

पण मीही मास्तरीण आहे, कोरी उत्तरपत्रिका घेत नाही. रान कोणाचं? तू म्हणशील तुझ्या देवाने केलं. मी म्हणेन माझ्या. फळं तर तीच ना? तू कृष्णनाथला घेऊन इब्रामपूरच्या रानात जा आणि कवंडळ, कांगण्या, घागऱ्या कुठे मिळतात ते त्याला दाखव. तोडा, गोणीत भरा, आणून अंगणात ठेवा. बांधायचं काम त्याचं. आरतीला तू ओट्यावर बस, पाऊस बघ. कोणी विचारलं तर मी बघून घेईन.

जमतं का कळव. कार्डावर एक ओळ पुरे.

कमलाक्षी

२० ऑक्टोबर २०१३

चि. जयराम यास अनेक आशीर्वाद.

खोडलेलं नाही, नीट बघ.

तुझ्या सभेची हकीकत वाचली. पाळकांनी तासभर दिला होता आणि तू आठ मिनिटांत खाली बसलास! बाराव्याची पंगत सांगितलीस, योहानची पेज सांगितलीस, इनास पोदेराचे कावळ्यांनी खाल्लेले पाव सांगितलेस. एका मुलीने उठून विचारलं, मग आम्ही बोलायचं तरी कधी? आणि तू म्हणालास, "माझी बहीण मला अजून विचारते आहे. तिचं विचारून संपलं की सांगेन." लोक हसले म्हणतोस. हसोत. पण पुढच्या सभेत माझी पत्रं वाचून दाखवू का असं विचारतोस, तर पहिलं वाच. खोडलेल्या आशीर्वादासकट वाच. बाकीची वाचलीस तर कोयत्याचं मात्र गाळ.

इकडचं ऐक. कृष्णनाथला आज चौसष्ट दिवस झाले. मी भिंतीवर रेघा ओढत होते, परवा त्यानेच चुना लावून पुसल्या. म्हणाला, "आई, मोजू नको गो. मोजलां काय माका भय दिसता." तर आता मोजत नाही. चौसष्ट हे शेवटचं.

आणि नोकरी लागली! शाळेच्या बालरथावर चालक. तुझ्यासारखाच पोरं नेणार आणि आणणार. व्यवस्थापनाने आधी माझ्याकडे विचारपूस केली, बाय, खरं सांगा, भरवसा धरावा काय? मी आयुष्यात कधी कोणाला फुकट मार्क दिले नाहीत. मी म्हटलं, तो प्यायचा, आता पीत नाही, रोज सकाळी त्याचं तोंड हुंगून मगच चावी द्या. तसंच ठरलं. तो चिडला नाही. रोज सकाळी हसत जाऊन शिपायासमोर तोंड उघडतो. टिपर विकायला काढला आहे. त्याखालचं गवत आधीच गेलं.

चवथीची गोष्ट मी तुला परत सांगते, तू होतास तरी. तुम्ही दोघे रानातून आलात ते ओरबाडलेले, चिखलाने माखलेले, आणि गोणीत काय नव्हतं! प्रभावती बघायला आली ती जाईना. कृष्णनाथने चौकट बांधली, वाकडी बांधली, तू ओट्यावरून "डावीकडे, रे, डावीकडे" म्हणत होतास आणि हात पाठीमागे धरून ठेवले होतेस. त्या हातांना किती खाज सुटली होती ते मला दिसत होतं. आरतीच्या वेळी तू बाहेर होतास. भटजींनी विचारलं, भाऊ कुठे? मी म्हटलं, ओट्यावर आहे, त्याचा देव त्याच्याजवळ आहे, तुम्ही पुढे म्हणा.

आणि पंगत. तू आत येऊन बसलास. तेच भटजी होते, आता म्हातारे झालेत. तुझ्या शेजारी बसले. त्यांनी तुझ्या पानाच्या डाव्या अंगाला बघितलं, मीठ होतं नुसतं. मग सगळे चित्राहुतीला लागले, आणि तू मान खाली घालून डोळे मिटलेस. मी वाढत होते. कृष्णनाथने घास उचलला होता तो परत पानात ठेवला, तुझे डोळे उघडेपर्यंत थांबला, आणि मग जेवला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. कोणी उठलं नाही, जयराम. शेवटच्या ताकापर्यंत कोणी उठलं नाही. मी आत येऊन कृष्णनाथच्या बाबांच्या फोटोला सांगितलं, जेवा आता.

आता एक कबुली. मी सगळ्यांना सांगत आले की ती पत्रकं त्याच दिवशी न्हाणीच्या चुलीत घातली. घातली, पण एक ठेवलं. माझ्या लग्नातल्या शालूखाली, ट्रंकेत. राग शिळा होऊ नये म्हणून ठेवलं. राग विझतोय असं वाटलं की काढून वरचं ते मोठं अक्षर वाचायचे आणि परत घडी घालायचे. आत काय लिहिलं आहे ते आजवर वाचलं नाही. काल शालूला ऊन द्यायला काढला तेव्हा ते खाली पडलं. म्हटलं, चुलीत टाकावं आता, काम संपलं त्याचं. चुलीपर्यंत गेलेही. आणि तिथे उभी राहिले.

हे बघ, मी तुमच्यात येणार नाही. ह्या वयात माझा देव मी बदलणार नाही, आणि तू तशी आशा धरली असलीस तर आत्ताच सोड. माझी तुळस, माझी चवथ, माझं सगळं जिथे आहे तिथेच राहील. पण विहिरीवर त्या दिवशी तू लाथ खाल्लीस, खाली बसलास आणि परत उठलास. तू जन्माचा तापट. आवयने वाढलेला भात थंड आहे म्हणून ताट फेकणारा तू. तो परत उठला कोण, हे मी दोन महिने स्वतःला विचारते आहे. मला उत्तर येत नाही. तुला येतं.

दिवाळीची सुट्टी पडली की ये. दार उघडं असेल, सरळ आत ये. पत्रक काढून ठेवलं आहे, पण ते वाचून दाखवू नकोस. पेज करीन, आपण दोघं मागच्या पडवीत बसू, आणि जे योहानने तुला अठराव्या दिवशी सांगितलं ते मला सांग. तुझ्या शब्दांत, सावकाश.

मी विचारते आहे, जयराम.

तुझी
बाय